नावाची पट्टी हरवलेला आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ : हात लावण्याआधी काय पाहावे?

कृष्णाकाठ (वाई)

सर्वांना नमस्कार.

आमचा वाईतला जुना वाडा दिवाळीनंतर उतरवायचा असल्यामुळे गेल्या महिन्यात माळ्यावरचे सामान खाली काढले. तेव्हा तांब्याच्या घंगाळामागे, आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला आजोबांचा रेडिओ सापडला. माझ्या आठवणीत तो कधीच वाजलेला नाही. वडिलांच्या सांगण्यानुसार घरात ट्रान्झिस्टर आल्यावर तो माळ्यावर गेला आणि नंतर कोणी त्याची आठवण काढली नाही.

संच लाकडी कॅबिनेटचा असून साधारण वीत-सव्वा वीत उंच आणि दोन हातांत जेमतेम मावेल इतका रुंद आहे. समोरची नावाची पट्टी गेलेली आहे, तिच्या खिळ्यांची दोन भोके तेवढी शिल्लक आहेत. पाठीच्या पुठ्ठ्यावर एसी/डीसी २००-२५० व्होल्ट असे छापलेले वाचता येते. आत चार व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या) आहेत आणि त्यांवर यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२ आणि यूवाय ८५ असे आकडे आहेत. डायलच्या काचेवर मीटरचे आकडे आणि गावांची नावे असून त्यांत सिलोन स्पष्ट दिसते. डायलची दोरी तुटली आहे, चारपैकी दोन नॉब नाहीत, आणि डाव्या बाजूला खाली लाकडाचा वरचा पातळ पापुद्रा सुटून आला आहे. संचाबरोबर रेडिओ लायसन्सचे पुस्तकही मिळाले. त्यातला वाचता येणारा सर्वांत जुना टपाल शिक्का १९६१ चा आहे.

घरात तीन मते आहेत. धाकट्या भावाला तो एकदा प्लगला लावून पाहायचा आहे. ओळखीचे एक पॉलिशवाले तो घासून नव्यासारखा करून द्यायला तयार आहेत. भाच्याचे म्हणणे असे की आतले सगळे काढून ब्लूटूथचा स्पीकर बसवावा, म्हणजे तो वापरात तरी राहील. मला स्वतःला तो जसा होता तसा जपायचा आहे, आणि जमल्यास त्याचा आवाज वडिलांना पुन्हा ऐकवायचा आहे. परंतु या विषयातले मला काही कळत नाही. सुरुवात कोठून करावी, आणि हा संच साधारण कोणत्या सालचा असावा, हे जाणकारांनी सांगावे.

---

लोखंडी चेसिस (पुणे)

कृष्णाकाठ, सर्वप्रथम एक कळकळीची विनंती : आपल्या भावाला तो संच प्लगला लावू देऊ नका, एकदाच म्हणूनसुद्धा नाही. मी छत्तीस वर्षे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवले आहे. दुकानात आलेल्या जळक्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरांपैकी (हे स्पीकरला आवाज पोहोचवतात) कितीतरी असे होते, की संच वर्षानुवर्षे बंद राहिला आणि कोणीतरी चालतो का बघू म्हणून बटण फिरवले.

आपण व्हॉल्व्हचे आकडे दिलेत, हे फार चांगले केलेत, कारण त्यांतच अर्धे उत्तर आहे. पहिले अक्षर यू असलेल्या व्हॉल्व्हांचे हीटर (आतून तापवणाऱ्या तारा) १०० मिलिअँपिअरचे असतात आणि ते दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. यूसीएच ८१ ला १९ व्होल्ट, यूबीएफ ८९ ला १९, यूसीएल ८२ ला ५० आणि यूवाय ८५ ला ३८, असे मिळून १२६ व्होल्ट होतात. उरलेले शंभरेक व्होल्ट ड्रॉपर नावाच्या तारेच्या रोधात उष्णतेच्या रूपाने जिरवले जातात. म्हणजे तो एकटा रोध सुमारे १० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. या रचनेमुळे मेन्स ट्रान्सफॉर्मर लागत नाही, संच स्वस्त पडतो, आणि डीसी वीज असलेल्या गावांतही तो चालत असे. या स्वस्ताईची किंमत अशी, की विजेची एक तार सरळ चेसिसला, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला, तर संपूर्ण लोखंडी चेसिसमध्ये २३० व्होल्ट येतात.

आपले दोन नॉब नाहीत, असे आपण लिहिले आहे. ते वाचून मला खरी काळजी वाटली, कारण नॉबखालचा उघडा दांडा हा चेसिसचाच भाग असतो. कारखान्यातून येताना अशा संचांच्या नॉबमधील बारीक स्क्रूवर मेण भरलेले असे. बोटाचे टोकसुद्धा त्या स्क्रूला लागू नये, यासाठी ते असे. शिल्लक असलेले नॉब उलटून पाहा, त्या भोकात मेणाचा अंश दिसेल. पाठीचा पुठ्ठाही शोभेसाठी नाही, तो अंगाला झटका बसू नये म्हणून आहे. तो नसताना असा संच घरात कधीही चालू करू नये.

तेव्हा काम करताना २३० ला २३० व्होल्टचा, निदान १०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संचाला घरच्या विजेच्या तारांपासून अलग ठेवणारा) मध्ये घ्यावा आणि त्याच्या दुय्यम बाजूची कोणतीही तार अर्थला जोडू नये. संचाच्या चेसिसला तर अर्थ कधीच जोडू नये. एरियलच्या सॉकेटपाशी एक छोटा कंडेन्सर असतो, जो बाहेरच्या तारेला विजेपासून अलग ठेवतो. पूर्वी आपल्याकडे खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली असे. तो एक कंडेन्सर फुटला, तर ती पूर्ण पट्टी विजेची तार होते. तो न तपासता बदलावा, आणि नवा घेताना वाय वर्गाचा, सुरक्षेसाठीच बनवलेला घ्यावा.

आता संच बंद राहून काय बिघडते, ते सांगतो. व्हॉल्व्ह सहसा बिघडत नाहीत. बिघडतात ते मेणकागदाचे कंडेन्सर, कारण इतक्या वर्षांच्या दमटपणाने त्यांच्या आतला कागद वीज झिरपू देतो. त्यांतला सर्वांत घातकी कपलिंग कंडेन्सर, जो यूसीएल ८२ च्या पहिल्या भागाकडून आवाज दुसऱ्या भागाच्या ग्रिडवर (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) पोहोचवतो. समजा त्याच्या एका टोकाला १०० व्होल्ट आहेत, त्याची गळती १० मेगोमची आहे आणि ग्रिडचा रोध ०.६८ मेगोमचा आहे, तर ग्रिडवर सुमारे ६ व्होल्ट धन दाब येतो. जेथे चौदा-सोळा व्होल्टांचा ऋण बायस (ग्रिडवरचा ठरावीक दाब) हवा, तेथे ही सहा व्होल्टांची भर पडली की व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो, तापतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार जाळतो आणि जाता जाता एसीची डीसी करणाऱ्या यूवाय ८५ लाही घेऊन जातो. सुरुवातीची पाच मिनिटे संच सुरेख वाजतो, म्हणून माणूस फसतो. साध्या मीटरने असा कंडेन्सर तपासला, तर तो चांगलाच दाखवतो, कारण मीटरची बॅटरी काही व्होल्टांची आणि गळती दिसते ती शंभर व्होल्टांना. म्हणून हा एक कंडेन्सर वीज देण्यापूर्वीच बदलायचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घालायचा.

फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर फुगले किंवा पाझरले नसतील, तर त्यांना आधी स्वतंत्रपणे, मोठ्या रोधातून, हळूहळू व्होल्टेज चढवत काही तास जागे करावे लागते. ते जागे झाले नाहीत, तर त्यांचे डबे चेसिसवर तसेच ठेवून फक्त तारा सोडवाव्यात आणि नवे कंडेन्सर चेसिसच्या पोटात बसवावेत. त्यानंतर ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून पहिल्यांदा वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. पूर्ण तेजाने जळत राहिला, तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करावे.

दोन गोष्टी मात्र कोणालाही करू देऊ नका. एक, आयएफटीच्या (केंद्र नेमके निवडणाऱ्या, कारखान्यात जुळवलेल्या गुंडाळ्यांच्या) डब्यांतले स्क्रू फिरवू देऊ नका, आवाज लहान वाटला तरीही नाही. दोन, यूवाय ८५ काढून तेथे साधा डायोड लावू देऊ नका. डायोड क्षणात वीज देतो, बाकीचे व्हॉल्व्ह तापायला अर्धे मिनिट लागते, आणि तेवढा वेळ जुन्या कंडेन्सरांवर चढलेल्या व्होल्टेजचा मारा होतो. हे काम विजेची सवय नसलेल्या माणसाने स्वतः करू नये. व्हॉल्व्हवर हात बसलेला एखादा जुना माणूस सातारा, कऱ्हाडकडे अजूनही मिळेल.

---

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

वरील प्रतिसादातील प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. आपल्या भाच्याच्या सूचनेबद्दल तेवढे लिहितो, कारण मी तो अनुभव घेतला आहे.

बारा वर्षांपूर्वी आमच्या घरचा व्हॉल्व्हचा संच मी शहरातल्या एका दुरुस्तीकाराकडे दिला. आठ दिवसांनी तो सुरेख वाजत परत आला, वजनाला मात्र अगदी हलका लागत होता. पाठ उघडली, तर आत बाजारात तयार मिळणारी ट्रान्झिस्टरची पट्टी आणि मोटारीतला स्पीकर. चेसिस, व्हॉल्व्ह, गँग (केंद्र लावायचा फिरता कंडेन्सर), आठ इंची मूळ स्पीकर, सगळे भंगारात गेले होते, आणि भंगारवाल्याकडे धावलो तोवर माल पुढे गेला होता. त्या माणसाने माझे नुकसान करायचे म्हणून काही केले नाही. मी त्याला फक्त चालू करून द्या एवढेच सांगितले होते. तेव्हापासून कोणालाही संच देताना मी कागदावर लिहून देतो : काय बदलायचे, काय बदलायचे नाही, आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत हवा.

ज्यांना आपली गाणी त्यातून ऐकायची आहेत, त्यांनी पाठीवर रेकॉर्ड प्लेअरसाठी ठेवलेले पिक-अपचे सॉकेट पाहावे. परंतु आपल्या प्रकारच्या संचात त्या सॉकेटला मोबाइल थेट तारेने जोडणे जिवावर बेतू शकते, कारण तेथेही चेसिसची वीज पोहोचते. मध्ये आवाजासाठीचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

कोकणातल्या दमट हवेवरचा माझा उपाय साधा आहे. संच बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवत नाही, प्लास्टिकमध्ये बंद करत नाही, वर सुती कापड घालतो आणि सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तापवून पुन्हा आत ठेवतो. चालू स्थितीतला संच महिन्यातून एकदा तासभर लावला, तर व्हॉल्व्हांच्या उष्णतेनेच आतली ओल निघून जाते.

---

अबोली (नाशिक)

मी काही वर्षे एका वस्तुसंग्रहालयात लाकडी आणि कागदी वस्तूंच्या जतनाचे काम केले आहे. विजेचा भाग तज्ज्ञांनी सांगितलाच आहे, मी बाहेरच्या बाजूविषयी लिहिते.

कृष्णाकाठ, पुसण्यासाठी फडके हातात घेण्याआधी कॅमेरा घ्या. पाठीचा पुठ्ठा काढण्यापूर्वी, काढल्यावर, चेसिस बाहेर आल्यावर आणि त्याच्या पोटाकडून, अशी छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून काढा. तुटलेली दोरी ज्या कप्प्यांवरून गेली आहे, तेथे तिचा वळसा अजून टिकून असेल, तर तो आधी कागदावर काढून ठेवा, कारण दोरी एकदा ओढून काढली की तो रस्ता पुन्हा शोधायला दोन दिवस जातात.

डायलची काच ही माझ्या मते पूर्ण संचातली सर्वांत नाजूक वस्तू आहे. गावांची नावे आणि मीटरचे आकडे काचेच्या मागच्या बाजूला रंगाने छापलेले असतात. साठ वर्षांत तो रंग काचेवरून सुटत आलेला असतो आणि केवळ सवयीने जागेवर राहिलेला असतो. मागच्या बाजूला पाणी, स्पिरिट, काच पुसायचे निळे द्रव यांपैकी काहीही लागले, तर सिलोन, दिल्ली, मुंबई सगळी नावे फडक्यावर येतात. मी स्वतः एका डायलवरचे एक अक्षर असे घालवले आहे आणि ते अजून मला दिसते. काच बाहेर काढायची झालीच तर दोन्ही हातांनी कडेने धरावी, मागची बाजू वर करून मऊ कापडावर ठेवावी, आणि रंगाच्या कामाच्या अगदी मऊ, कोरड्या कुंचल्याने सुटी धूळ फक्त उचलावी. रंगाचे पापुद्रे उभे राहिलेले दिसले, तर कुंचलासुद्धा नको. पुढची बाजू ओलसर कापडाने पुसायला हरकत नाही.

पॉलिशवाल्यांना कृपया नकार द्या. तुमच्या कॅबिनेटच्या वर दिसणारे सुंदर लाकूड म्हणजे प्लायवर चिकटवलेला व्हिनियर आहे आणि त्याची जाडी मिलिमीटरभरही नसते. पॉलिश कागदाचे चार हात फिरले की कोपऱ्यांवर तो संपतो आणि खालचा प्लाय उघडा पडतो, मग ते कशानेही भरून येत नाही. आधी मूळ लेप कशाचा आहे, ते पाहा. तळाशी, न दिसणाऱ्या जागी, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये किंचित भिजवून टेकवा. लेप चिकट झाला, तर तो चपड्याचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या स्पिरिट पॉलिशचा आहे. स्पिरिटने काही झाले नाही आणि थिनरने मऊ पडला, तर तो कारखान्यातला लॅकर आहे. बहुतेक वेळा या दोन्हींपैकी काहीच काढावे लागत नाही. धूळ आणि तेलकटपणा निघाला आणि पातळ मेण हलक्या हाताने लावले की लाकूड पुष्कळसे पूर्वीसारखे दिसते.

सुटलेला पापुद्रा चिकटवायला पांढरा फेविकॉल वापरू नका. सुतारांचा जुना सरस वापरा, कारण पुढे कोणाला तो सोडवायचा झाला, तर ऊब आणि ओलावा देऊन सोडवता येतो. आतली धूळ पातळ सुरीने काढा, कोमट सरस सारा, वर मेणकागद आणि सपाट फळी ठेवून एक दिवस दाबून ठेवा. जाळीचे कापड धुवू नका. त्यातला धागा आटतो आणि कापड पुन्हा ताणून बसवता येत नाही. तळाशी बारीक, ताजा भुसा पडत असेल, तर आत भुंगेऱ्याची अळी जिवंत आहे, असे समजा, आणि चेसिस बाहेर काढून मगच भोकांत औषध घाला.

आणखी एक. लायसन्सचे पुस्तक आणि लुगडे, दोन्ही संचाबरोबरच ठेवा. वेगवेगळी ठेवलीत, तर पुढच्या पिढीला त्यांचा एकमेकांशी संबंध कळणार नाही. पुस्तक मात्र कॅबिनेटच्या आत ठेवू नका, तेथील उष्णतेने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

---

मीटरबँड (ठाणे)

सालाविषयी लिहितो. मर्फी, बुश, नॅशनल एको, फिलिप्स, जीईसी या सगळ्या नावांचे संच त्या काळात आपल्याकडे होते, आणि एकच व्हॉल्व्हसंच अनेकांनी वापरला. त्यामुळे केवळ आकड्यांवरून नाव सांगणे योग्य होणार नाही. साल मात्र बऱ्यापैकी आवळत आणता येते.

या व्हॉल्व्हांच्या नावातले प्रत्येक अक्षर काहीतरी सांगते. यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची माळ, सी म्हणजे ट्रायोड, एच म्हणजे लहरी मिसळणारा भाग, बी म्हणजे दोन डायोड, एफ म्हणजे पेंटोड, एल म्हणजे स्पीकर हलवणारा पेंटोड आणि वाय म्हणजे अर्धलहर रेक्टिफायर. आकडा आठने सुरू होतो, याचा अर्थ बूड नऊ पिनांचे, काचेचे आहे. युद्धापूर्वीच्या संचांत आठ पिनांचे बेकेलाइटचे जाड बूड दिसते, ते आपल्याकडे नाही. हे चारही व्हॉल्व्ह एकत्र असतील, तर संच १९५० च्या दशकाच्या मध्याआधीचा असू शकत नाही. एखाद्या व्हॉल्व्हवर भारत इलेक्ट्रॉनिक्सचे नाव दिसले, तरी त्यावरून साल ठरवू नका, कारण व्हॉल्व्ह बदलले जातात. सॉकेट मात्र सहसा बदलले जात नाहीत, म्हणून पुरावा सॉकेटचा धरावा.

डायलवर सिलोन हे नाव आहे. त्या देशाचे नाव श्रीलंका १९७२ मध्ये झाले. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली; तिचे नाव डायलवर असेल, तर खालची मर्यादा आणखी वर येईल. आकड्यांशेजारी किलोसायकल (किलोहर्ट्झचे जुने नाव) लिहिले आहे की किलोहर्ट्झ, तेही पाहा. लायसन्सवरचा १९६१ चा शिक्का मात्र एकट्याने पुरेसा नाही. लायसन्स दरवर्षी टपाल कार्यालयात नवे करून घ्यावे लागे आणि ते माणसाच्या घरात राही. तेच पुस्तक आधीच्या एखाद्या संचाचेही असू शकते. तरीही सर्व मिळून पाहता १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध ते १९६० च्या दशकाची सुरुवात, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

संच चालू झाल्यावर एक गोष्ट खटकेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. काटा गावाच्या नावावर नेला, तरी ते केंद्र नेमके तेथे सापडेलच असे नाही. मध्यम लहरीवरील केंद्रांची अमेरिका खंड वगळता इतरत्र ९ किलोहर्ट्झच्या अंतराने नवी मांडणी २३ नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली आणि अनेक केंद्रे आपल्या जुन्या जागेवरून थोडी सरकली. तो संचाचा दोष नाही आणि त्यासाठी ट्रिमर (जुळवणीचे छोटे स्क्रू) फिरवायचे नाहीत. आपल्या डायलवर मीटर आहेत, तेव्हा ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागावे : पुण्याचे ७९२ म्हणजे ३७९ मीटर, मुंबईचे ५५८ म्हणजे ५३८ मीटर. ऐकताना घरातले एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करावेत, नाहीतर त्यांच्या गुणगुणण्यात केंद्र बुडून जाते आणि माणूस उगीच संचाला दोष देतो.

---

लोखंडी चेसिस (पुणे)

मीटरबँड यांनी सॉकेटचा मुद्दा फार नेमका मांडला. अबोलीताईंना एक विचारायचे आहे. जुन्या मेणकागदाच्या कंडेन्सरचे नळकांडे गरम करून रिकामे करायचे, त्यात नवा छोटा कंडेन्सर घालायचा आणि तोंड पुन्हा मेणाने बंद करायचे, असे काही संग्राहक करतात. चेसिस उलटे केले तरी मूळचेच दिसते. मी आयुष्यभर नवा कंडेन्सर सरळ लावत आलो. आपल्या दृष्टीने योग्य काय?

---

अबोली (नाशिक)

काका, दोन्ही चालेल, पण माझे मत तुमच्या पद्धतीच्या बाजूने आहे. जुन्या नळकांड्यात नवा भाग लपवला, तर पन्नास वर्षांनी संच उघडणाऱ्याला तो जुनाच वाटेल आणि त्याचे निदान चुकेल. शिवाय मूळ कंडेन्सर रिकामा करताना तो नष्टच होतो. त्यापेक्षा नवा कंडेन्सर उघडपणे लावावा, त्याला तारीख लिहिलेली कागदी चिठ्ठी बांधावी आणि काढलेला जुना भाग संचासोबत पिशवीत ठेवावा. संचाच्या पोटात झालेली प्रत्येक दुरुस्ती ही त्याच्या आयुष्याचाच भाग आहे. तुमच्यासारख्यांनी पूर्वी दिलेला झाळणीचा डागसुद्धा मी काढू देत नाही.

---

कृष्णाकाठ (वाई)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सात आठवड्यांनंतर लिहीत आहे, कारण सगळे होईपर्यंत काही कळवण्यासारखे नव्हते.

साताऱ्यात एक पंचाहत्तरीचे गृहस्थ भेटले, ज्यांनी पूर्वी व्हॉल्व्हचे काम केले होते. खाडीपलीकडे यांनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांना कागद लिहून दिला. तो वाचून ते म्हणाले, असा कागद आम्हाला पूर्वी कोणी दिला असता, तर बरेच संच वाचले असते. काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी शिल्लक नॉब उलटे करून दाखवले. एकाच्या भोकात काळपट झालेले मेण खरोखरच होते.

कपलिंग कंडेन्सर काढून त्यांनी त्याला १०० व्होल्ट दिले आणि १० मेगोमच्या मीटरमधून तो मोजला. गळती अजिबात नसती, तर मीटरवर शून्याच्या आसपास आले असते. आले ५८ व्होल्ट, म्हणजे त्या कंडेन्सरचा रोध जेमतेम ७ मेगोम उरला होता. भावाने तो आकडा स्वतः पाहिला. एरियलचा कंडेन्सर बदलला, दोन रोध मूळ मूल्याच्या जवळपास दुप्पट झाले होते तेही बदलले. फिल्टरच्या दोन कंडेन्सरांपैकी एक जागा झाला, दुसरा झाला नाही. चारही व्हॉल्व्ह चांगले निघाले. सिरीजचा बल्ब उजळला, मंद झाला, आणि मिनिटभराने स्पीकरमधून घरघर ऐकू आली. फिल्टरपुढे १९० व्होल्ट आले, ते त्यांना समाधानकारक वाटले. काढलेले सर्व भाग चिठ्ठीसह पिशवीत आहेत.

डायलची काच मी काढलीच नाही. मागचा रंग दोन ठिकाणी उभा राहिलेला दिसला, म्हणून तिला हात लावायचा धीर झाला नाही, आणि अबोलीताईंनी तसे लिहिलेही होते. दोरीचा रस्ता छायाचित्रावरून लावला. विविध भारतीचे नाव डायलवर नाही, आकड्यांपुढे किलोसायकल आहे, आणि चारही सॉकेट मूळचेच असल्याचे त्या गृहस्थांनी सांगितले. सरसाने पापुद्रा बसला, एक बारीक रेघ तेवढी दिसते. दोन नॉब जुन्या बाजारात मिळाले. रंग थोडा फिकट आहे, पण दांडे झाकले गेले.

शनिवारी सकाळी घरातले सगळे दिवे बंद करून संच लावला. वडिलांनी काटा स्वतः फिरवला, ३७९ मीटरच्या जवळ आणला आणि पुण्याच्या केंद्राचा आवाज येताच हात नॉबवरच ठेवून बसले. मग म्हणाले, आजोबा आवाज नेहमी थोडा कमीच ठेवायचे, आणि त्यांनी तो कमी केला.

नावाच्या पट्टीबद्दल : एका विक्रेत्याने आपल्याजवळच्या पट्टीचे छायाचित्र पाठवले होते आणि भोकांमधले अंतरही जुळत होते. संच त्याच नावाचा आहे, असे खात्रीने सांगता येत नसल्यामुळे मी ती घेतली नाही. भोके तशीच ठेवली आहेत. भोकांमधले अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत ४२ मिलिमीटर आहे. कोणाकडे असाच संच पट्टीसह असेल, तर कृपया मोजून कळवावे.